कंपनी म्हणते फोन बदला, पण बिघडलंय नक्की काय?

ताई, वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्यात, आई-वडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे. वडिलांकडे जुना कीपॅडचा नोकिया, आईकडे बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला ४जी स्मार्टफोन. दोघांच्या नंबरवर कंपनीचे मेसेज येतात की अपग्रेड करा, नाहीतर सेवा नीट मिळणार नाही. आईच्या फोनवर कॉल आला की नेट बंद पडतं, व्हॉट्सॲपचे फोटो गोल गोल फिरत राहतात. बेळगावातल्या एका दुकानदाराने दोन्ही फोन भंगारात काढून नवे घ्यायला सांगितलं. त्यात मेलबर्नला असलेल्या तुमच्या भावाचा चांगला चालणारा फोन तिथल्या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नेटवर्कवरून काढूनच टाकला. म्हणून तुम्ही विचारताय, आता इथेही तेच होणार का?

आज तरी दोन्हीपैकी एकाही फोनसाठी पैसे काढू नका. वडिलांच्या फोनला काही झालेलं नाही. आईचा कदाचित बदलावा लागेल, पण तपासल्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही, आणि तपासायला पैसे लागत नाहीत. मी आधी टॉवरच्या मेंटेनन्सवर होतो, नंतर रिपेरीचं दुकान टाकलं. त्यामुळे कंपनी काय करते आणि गिऱ्हाइकाला काय सांगते, यातला फरक जवळून बघायला मिळाला.

भावाचं प्रकरण आधी संपवू, कारण ते वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात २जी नेटवर्क २०१६ ते २०१८ च्या दरम्यानच गेलं. २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी ३जीही बंद करायला घेतलं, म्हणजे ४जीच्या खाली उतरायला काही उरलंच नाही. काही फोन साधे कॉल ४जीवरून लावायचे, पण ०००, म्हणजे त्यांचा आणीबाणीचा नंबर, फिरवला की ३जीवर उतरायचे. ३जी गेल्यावर असा फोन ऐनवेळी मुका होणार, म्हणून तिथे नियमच केला की असे फोन कंपन्यांनी शोधून नेटवर्कवरून काढायचे. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ ला ३जी बंद केलं तेव्हा त्यांच्या यादीत नसलेले कितीतरी ४जी फोनही कॉलसाठी निकामी ठरले. लोकांचा तिथला राग रास्त होता. पण तो किस्सा तसाच्या तसा जांबोटीला लागू होत नाही.

कारण आपल्याकडे क्रम उलटा झाला. इथे आधी ३जी गेलं आणि २जी मागे राहिलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते थेट ४जी घेऊनच, त्यांच्याकडे २जी-३जी कधी नव्हतंच. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ३जी बंद करायला सुरुवात केली आणि मग देशभर ते गुंडाळलं. व्होडाफोन आयडियाही टप्प्याटप्प्याने त्याच वाटेने गेली. दोघांनीही २जी मात्र चालू ठेवलं, कारण कीपॅडवाले कोट्यवधी गिऱ्हाईक त्यावरच आहेत. जुलै २०२० मध्ये मुकेश अंबानी जाहीरपणे म्हणाले होते की २जी लवकरात लवकर इतिहासजमा व्हावं, त्यासाठी सरकारने धोरण करावं. ज्याच्याकडे २जी नाही तो असं म्हणणारच! सरकारने मात्र बंदीची तारीख काढलेली नाही.

मग कंपनी मेसेज का पाठवते? टॉवरवर वापरायच्या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, लिलावात मोजून घेतलेला असतो. तो वाढवायचा तर पुन्हा मोठी रक्कम. म्हणून आहे त्यातलाच तुकडा ३जीकडून, २जीकडून काढून ४जीला द्यायचा. रान तेवढंच, आता भात काढून ऊस लावला. यात मला गैर वाटत नाही. तेवढ्याच स्पेक्ट्रममध्ये ४जी कितीतरी जास्त लोकांना पुरतं. गैर आहे ते सांगण्यात. 'तुमच्या भागात अमुक तारखेपासून ३जी बंद होतंय, तुमचा फोन ३जीचा आहे, कॉल चालतील पण नेट मंदावेल' असं सरळ कळवायला काय हरकत आहे? त्याऐवजी 'अपग्रेड करा' एवढंच येतं. मग सिम बदलायचं, पॅक बदलायचा की फोन, हे दुकानदार ठरवतो, आणि दुकानदाराला कमिशन कशात आहे ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या भागात वर आणखी एक गंमत. सिम कर्नाटक सर्कलचं, म्हणजे टेलिकॉमच्या कर्नाटक विभागाचं, त्यामुळे मेसेज बहुतेक वेळा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका फोन पुढे करतात, "बघ की रे बाबा, काय म्हणत्यात हे." निम्म्या वेळा तो रिचार्जची जाहिरात असतो.

आता आईच्या फोनकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

४जी हे मुळात नेटसाठी बनवलेलं तंत्र. जुन्या पद्धतीचा कॉल त्यात बसतच नाही. म्हणून ४जी फोनमध्ये कॉलचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे व्होल्टी, यात आवाजही ४जीवरूनच जातो. दुसरा म्हणजे कॉल आला की फोन ४जी सोडून खाली उतरतो, बोलणं संपलं की परत वर चढतो. पूर्वी उतरला की ३जीवर थांबायचा आणि ३जीवर बोलणं आणि नेट दोन्ही एकदम चालायचं, म्हणून कुणाला कळायचंही नाही. आता मधलं ३जी नाही. फोन थेट २जीवर आपटतो, आणि २जीवर कॉल चालू असताना नेट थांबतं. तुमच्या आईच्या फोनचं लक्षण अगदी हेच आहे. म्हणजे त्यांचा फोन व्होल्टीवर नाही. का नाही, याची कारणं तीन-चार असतात आणि त्यातलं एकच नवीन फोन मागतं.

बऱ्याचदा दोष सिमचा निघतो. ३जीच्या काळातलं सिम तसंच कापून नॅनो करून घातलेलं असतं. फोनमध्ये ४जीची ताकद आहे, पण सिम जुनं, म्हणून वर कोपऱ्यात 'ई' दिसत राहतो. ई म्हणजे २जीचं नेट, कागदावरच दोनशे-अडीचशे केबीपीएस, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यावर फोटो फिरतच राहणार. सिम कंपनीच्या अधिकृत सेंटरवर बदलून मिळतं, नंबर तोच राहतो. पण वेळ बघून जा. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक रोखायला तसा नियम आहे. बँकेचा ओटीपी लागणार असेल किंवा गॅस बुकिंग करायचं असेल त्या दिवशी सिम बदलू नका. आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. काहीजण सकाळी सिम बदलतात आणि संध्याकाळी वैतागून पोर्ट करायला निघतात, ते अडकतात.

सिम नवं असेल तर सेटिंग बघा. मोबाइल नेटवर्कमध्ये सिमच्या नावाखाली 'व्होल्टी' किंवा '४जी कॉलिंग' असं बटण असतं. फोन रीसेट झाला किंवा सिम दुसऱ्या खाचेत गेलं की कधीकधी ते बंद होतं. जुन्या दोन सिमच्या फोनांत एकाच खाचेत ४जी चालतं, दुसरी फक्त २जीची. आईचं सिम चुकीच्या खाचेत असेल तर फोन वर्षभर निष्कारण शिव्या खातो. बटण दिसतच नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोनची आतली माहिती उघडते, तिथे व्होल्टी उपलब्ध आहे की नाही ते लिहिलेलं असतं. फोटो काढून मला पाठवलात तरी चालेल.

एवढं करून नसेल होत, तर मग फोनच तसा आहे. उदाहरणार्थ आयफोन ५एस: ४जी आहे, व्होल्टी नाही. आयफोन ६ पासून ते आलं. २०१४-१५ च्या अनेक अँड्रॉइड फोनांचंही तसंच. पण अशा फोनवर कॉल तरीही २जीवरून होत राहतील, हे लक्षात घ्या. अडचण फक्त बोलताना नेट थांबण्याची. आई दिवसातून चार कॉल घेत असतील आणि उरलेल्या वेळात ४जी नीट मिळत असेल, तर तेवढ्यासाठी दहा-बारा हजार घालायचे का ते तुम्ही ठरवा. मी घालणार नाही.

व्हॉट्सॲप मात्र निराळं आहे. फोन खूप जुना असेल तर ॲप स्वतःच साथ सोडतं. अँड्रॉइड ५.० च्या खाली २४ ऑक्टोबर २०२३ पासून ते चालत नाही आणि आयफोनवर ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ लागतं. यात मोबाइल कंपनीचा संबंध नाही. लोक मात्र नेटवर्कला नावं ठेवत पोर्ट करत बसतात, आणि नव्या सिमवरही ॲप उघडत नाही तेव्हा चेहरा बघण्यासारखा होतो.

जांबोटी म्हटल्यावर आणखी एक विचारावंसं वाटतं. फोन बेळगावात आणला की ४जी नीट धरतो आणि गावी गेला की सोडतो, असं होतं का? होत असेल तर बँड बघावा लागेल. ४जी एकाच लहरीवर चालत नाही. जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ वापरतं, एअरटेल ९०० पासून २३०० पर्यंत. जेवढा आकडा लहान तेवढी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. २३०० बेळगावच्या खडेबाजारात झकास चालेल, पण जांभ्या दगडाच्या दीड फुटी भिंतीतून, मागच्या पडवीत, पावसाळ्यात झाडं भरल्यावर ती पोचत नाही. तिथे ८५० नाहीतर ९०० लागते, आणि सुरुवातीच्या काही ४जी फोनांत हे लहान आकड्यांचे बँडच नव्हते. बीएसएनएलचं ४जी, जे २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर रीतसर सुरू झालं, ७०० आणि २१०० वर आहे. जुन्या फोनांत ७०० क्वचितच सापडतो. ज्या वाडीत बीएसएनएलचाच टॉवर आहे तिथे सिम घेण्याआधी फोनच्या मॉडेलवरून बँड २८ आहे का बघून घ्या. ७०० ला तांत्रिक भाषेत बँड २८ म्हणतात.

आणि सीमेची म्हणून आपली खास भानगड. उचगाव-बेकिनकेरेकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला टॉवर लागतो, कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याकडे गोव्याचा. टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, म्हणजे दोन्हीकडे आपलं कर्नाटकाचं सिम पाहुणं. कंपनीचं नाव तेच दिसतं, वर बारीकसा 'आर' येतो तो कुणी बघत नाही. कॉल चालतात, पण डेटा रोमिंग बंद असेल तर नेट गुल. लोक म्हणतात फोन खराब झाला. रोमिंगचं बटण चालू केलं की 'खराब' फोन दुरुस्त. देशातल्या देशात आता नेहमीच्या पॅकवर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ज्यांनी जास्तीच्या रोमिंगचा काळ बघितलाय ते अजून भीतीने ते बंद ठेवतात.

वडिलांचा नोकिया. तो २जीचा, ९०० आणि १८०० वर चालणारा. एअरटेल, व्होडाफोन आयडिया किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर तो चालतोय आणि चालेल. २जीला आता जागा कमी दिल्यामुळे संध्याकाळच्या गर्दीत एखाद-दुसरा कॉल लागणार नाही, आवाज जरा तुटेल. बाकी काही नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेज असो की बँकेचा ओटीपी, सगळं २जीवर येतं. त्यांना पैसे पाठवायचे असतील तर मार्च २०२२ पासून कीपॅडसाठी यूपीआय १२३पे आहे. वापरणारे थोडे, पण आहे.

एकच काम चुकूनही करू नका: त्यांचा नंबर जिओत पोर्ट. गेल्या उन्हाळ्यात उचगावकडचे एक काका कीपॅडचा फोन घेऊन आले. स्क्रीनवर 'नो सर्व्हिस'. "चांगला होता ओ, परवापासनं मेलाय. कंपनीनंच बंद केला काय की." मी माझ्याकडचं तपासणीचं दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या. मुलाने घरातले सगळे नंबर एकाच स्वस्त पॅकसाठी ४जीवाल्या कंपनीत नेले होते, त्यात बापाचाही गेला. २जीच्या फोनला तिथे धरायला काहीच नाही. आणि एकदा पोर्ट केलं की ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. काकांना तेवढ्यासाठी दुसरं सिम घ्यावं लागलं, सगळ्या पाहुण्यांना नवा नंबर कळवत बसावं लागलं.

वडिलांचं शेत आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर विहिरीवरच्या किंवा नदीवरच्या मोटारीच्या पेटीत बघा. मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. थ्री फेज करंट आला की तो फोन करतो, इकडून एक दाबलं की मोटार सुरू. हेस्कॉमचा, म्हणजे इकडच्या वीज कंपनीचा, करंट रात्री-अपरात्री येणार म्हटल्यावर ऊसवाल्यांना त्याशिवाय गत्यंतर नाही. या पेट्यांतले जुने मॉडेम जवळपास सगळे २जीचे आहेत. २जी खरोखर बंद होईल तेव्हा पहिला ओरडा फोनवाल्यांचा नाही, या पेट्यांचा होईल, आणि त्याबद्दल कुठल्याच कंपनीचा मेसेज आलेला मी बघितला नाही. आत्ता चालणारी पेटी काढू नका. नवीन घेणार असाल तर मात्र ४जीचीच घ्या, आणि जुन्या पेटीत जिओचं सिम घालून 'पेटी बिघडली' म्हणू नका.

स्वस्तातल्या ४जी कीपॅड फोनांबद्दल तुम्ही विचारलंय. जुलै २०२३ मध्ये जिओभारत ९९९ रुपयांत आला आणि त्याला नावं ठेवण्यासारखं फार नाही. फक्त तो त्याच कंपनीच्या सिमवर चालतो, आधीचा जिओफोनही तसाच होता. जांबोटीत त्यांची रेंज चांगली असेल तर ठीक. उद्या टॉवर बंद पडला, पॅक महागला, तर फोन आणि नंबर दोन्ही एकाच खुंटीला बांधलेले. दुसरं सिम घालता येईल असा व्होल्टी कीपॅड फोन नोकियासारख्या कंपन्यांचा थोडे जास्त पैसे देऊन मिळतो. वडिलांसाठी कधी घ्यायची वेळ आली तर तो घ्या. बटणं मोठी आहेत का आणि कन्नड-इंग्रजीसोबत मराठी मेनू आहे का, हे हातात धरून बघा.

पॅकचंही एक. वडील नेट वापरत नाहीत तरी त्यांना डेटाचा पॅक मारला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं सक्तीचं केलं आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ पर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यानंतर सगळ्यांनी ते काढले. दुकानात आपण होऊन कुणी दाखवत नाही, 'डेटा नको, नुसता कॉलचा' असं ठासून मागावं लागतं. किंमत डेटाच्या पॅकपेक्षा फार खाली नाही हे खरं, पण वर्षाचा एकदाच मारला की दर महिन्याला जांबोटीला कुणाला पिटाळावं लागत नाही.

आता समजा सिम नवं, सेटिंग ठीक, फोन चांगला, आणि तरीही सेवा नाही. मग १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. तो नसेल तर पुढे कुणी उभं करत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. तिथेही नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइलच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतच नाहीत असं कंपनीचे लोक पूर्वी सांगायचे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला व्होडाफोन आयडियाच्याच खटल्यात तो मुद्दा निकालात काढला: चालतात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मात्र 'फोन जुना म्हणून सेवा नाही' एवढ्यावर जाऊ नका. कंपनीचा मेसेज, त्या तारखेचा रिचार्ज आणि फोनच्या स्क्रीनचा फोटो, तिन्ही एकत्र ठेवा.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईच्या फोनवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तुमच्यापाशी लिहून ठेवा, आणि मला फक्त मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिम कुठल्या कंपनीचं ते कळवा. मागच्या अंगणात, स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर वर कोपऱ्यात काय दिसतं, ४जी, ई की आर, तेही बघून सांगा. सिम बदलायला सेंटरवर जाताना आईंनाच घेऊन जा, आधार त्यांचंच लागेल आणि फोटोही तिथेच काढतात. जांबोटीहून खानापूर की बेळगाव जवळ पडेल ते बघा, पण सोमवारी नको, गर्दीत अर्धा दिवस जातो.